यंत्र पोहोचले; नजर कधी पोहोचणार?

देशातील विज्ञानविषयक बातम्यांत काही महिन्यांच्या अंतराने एक बातमी हमखास परत येते. सोनोग्राफीचे यंत्र आता खिशात मावते, मोबाइलला जोडता येते, त्याची किंमत उतरत चालली आहे. त्यामुळे खेड्यातील रुग्णाचे निदान यापुढे त्याच्या खाटेपाशीच होईल. बातमीत यंत्राचे छायाचित्र असते, ते बनवणाऱ्यांचे कौतुक असते. हे यंत्र ज्याच्या हाती जाणार त्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरला ते वापरायला कोण शिकवणार, किती काळ शिकवणार, आणि त्याने काढलेला निष्कर्ष बरोबर होता की चूक हे त्याला पुढे कोण सांगणार, याविषयी मात्र बातमीत अवाक्षर नसते. सगळ्या बातमीचे खरेखोटेपण याच प्रश्नावर अवलंबून आहे.

उदाहरणासाठी तंजावूर जिल्हा घ्यावा. मागासलेपणाचे निमित्त तेथे पुढे करता येत नाही. तामिळनाडूची सार्वजनिक आरोग्यव्यवस्था देशातील उत्तम व्यवस्थांत गणली जाते. राज्याचा सार्वजनिक आरोग्य कायदा १९३९ इतका जुना आहे. तंजावूर शहरात १९५९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील आसपासच्या जिल्ह्यांचेही रुग्ण तेथे येतात. जे तंजावूरला साधलेले नाही ते गडचिरोलीत किंवा मेळघाटात आपोआप साधेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

समजा, जिल्ह्याच्या दक्षिणेला, पेरावूरणीच्या बाजूच्या एका केंद्रात रात्री साठीचा शेतकरी धाप लागलेल्या अवस्थेत येतो. तंजावूरचे मोठे रुग्णालय तेथून साठ-सत्तर किलोमीटरवर आहे. डॉक्टरपुढे तीन शक्यता असतात. हृदय दुबळे होऊन फुप्फुसात पाणी उतरले असेल. जुन्या दम्यासारख्या विकाराने श्वासनलिका आकसल्या असतील. किंवा जंतुसंसर्गाने रक्तदाब ढासळू लागला असेल. तिसऱ्या रुग्णाला सलाईन लावावे लागते. पहिल्याला तेच सलाईन धोक्याच्या दारात नेते. पहिल्याला लघवी वाढवणारे औषध द्यायचे असते. तिसऱ्याला ते दिले तर घसरणारा रक्तदाब आणखी घसरतो. स्टेथोस्कोपने यांतला फरक अनेकदा कळतो, पण नेहमी कळत नाही. रुग्णाच्या छातीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून दोन मिनिटे पाहिले, तर तो बऱ्याचदा दिसतो. मात्र पाहणाऱ्याला काय पाहायचे हे ठाऊक असले पाहिजे, आणि त्याहून अधिक, काय पाहून फसायचे नाही हेही ठाऊक असले पाहिजे.

यामागचे भौतिकशास्त्र समजून घेतले तर प्रशिक्षणाचा प्रश्न इतका कळीचा का आहे ते लक्षात येते. सोनोग्राफीच्या पडद्यावरचे चित्र हे छायाचित्र नसते. ते एका गृहीतकावर रचलेले अनुमान असते. प्रोबमधील पीझोइलेक्ट्रिक स्फटिक ध्वनिलहरींचा स्पंद सोडतो आणि प्रतिध्वनीची वाट पाहतो. शरीराच्या मऊ ऊतींत ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर आहे, लहर सरळ रेषेत जाते आणि एकदाच आपटून परत येते, असे यंत्र धरून चालते. या हिशोबाने प्रत्येक सेंटिमीटर खोलीला जाऊन-येऊन सुमारे १३ मायक्रोसेकंद लागतात; प्रतिध्वनी जितका उशिरा, तितका बिंदू पडद्यावर खाली. यकृतात किंवा मूत्राशयात हे गृहीतक बरेचसे खरे ठरते. हवेने भरलेल्या फुप्फुसात ते कोसळते. फुप्फुसाच्या आवरणापाशी जवळजवळ सगळा ध्वनी परावर्तित होतो, प्रोब आणि आवरण यांच्यामध्ये तो पुन्हा पुन्हा आपटत राहतो, आणि पडद्यावर सारख्या अंतराने आडव्या रेषा उमटतात. त्या जागी शरीरात प्रत्यक्ष काहीच नसते. यांना ए-रेषा म्हणतात. फुप्फुसात पाणी उतरले की आवरणापासून खाली पडद्याच्या तळापर्यंत जाणारे उभे झोत दिसू लागतात, त्या बी-रेषा. त्यांनाही शरीरात जोडीदार अवयव नसतो.

अर्थात फुप्फुसाची सोनोग्राफी म्हणजे यंत्राच्या चुका वाचण्याची विद्या आहे. फ्रेंच अतिदक्षतातज्ज्ञ डॅनिएल लिख्टेनस्टाइन यांनी या चुकांचाच पद्धतशीर उपयोग करून धाप लागलेल्या रुग्णांसाठी निदानाची रीत बसवली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात २६० रुग्णांपैकी ९०.५ टक्क्यांचे निदान या रीतीने बरोबर ठरले. हा आकडा यंत्रविक्रीच्या प्रत्येक सादरीकरणात झळकतो. तो अतिदक्षता विभागातील आहे आणि मुरलेल्या हातांचा आहे, हे मात्र सांगायचे राहून जाते. यंत्र पेरावूरणीला पाठवले म्हणून तो आकडा यंत्राबरोबर पेरावूरणीला जात नाही. बी-रेषा न्यूमोनियातही दिसतात, फुप्फुस तंतुमय झाल्यावरही दिसतात. त्या दोन्ही बाजूंना आहेत की एकाच, किती आहेत, आवरण गुळगुळीत आहे की खडबडीत, हे ज्याने शंभरदा पाहिलेले नाही त्याच्या हातातले यंत्र चुकीला फक्त आत्मविश्वास पुरवते.

मग भारतात प्राथमिक डॉक्टरला ही नजर मिळवून देण्याची अधिकृत वाट कोणती? येथे गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यापाशी यावे लागते, कारण देशातील सोनोग्राफीचे सगळे रस्ते त्याच दारातून जातात. १९९४ चा हा कायदा २००३ मध्ये कडक झाला. गर्भाचे लिंग कळू शकेल असे कोणतेही यंत्र नोंदणी नसलेल्या व्यक्तीला किंवा केंद्राला विकता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने, हलवता येणारे यंत्र फक्त नोंदणीकृत आंतररुग्ण सेवेच्या आवारात किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात वापरता येते. २०१४ मध्ये एमबीबीएस डॉक्टरांसाठी सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचे नियम आले. त्यावरून खटले झाले. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने संबंधित तरतूद रद्द ठरवली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. वाद झाला तो प्रशिक्षण सक्तीचे असावे का, आणि जुन्या अनुभवी डॉक्टरांनाही ते लागू व्हावे का, यावर. या प्रशिक्षणात शिकवायचे काय, हा प्रश्न त्या गदारोळात बाजूलाच राहिला.

तीनशे तासांच्या या अभ्यासक्रमाचा विषय आहे उदर आणि ओटीपोटाची सोनोग्राफी. म्हणजे यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड, गर्भाशय, गर्भ. सहा महिन्यांत एक लहानसा क्ष-किरणतज्ज्ञ घडवण्याचा हा घाट आहे. धाप लागलेल्या शेतकऱ्याचे फुप्फुस, त्याच्या हृदयावरणातले पाणी, सुजलेल्या पायाच्या शिरेतली गुठळी, यांना त्या नावात जागा नाही. त्यातही विरोधाभास असा की कायद्याला ज्या अवयवाची धास्ती वाटते, नेमके त्याच अवयवाचे प्रशिक्षण सक्तीचे झाले, आणि ज्या अवयवांशी त्या धास्तीचा काडीचा संबंध नाही ते वाऱ्यावर सुटले.

शिवाय सहा महिने ज्याने केंद्र सोडायचे, त्याच्या जागी बसायचे कोणी? एक-दोन डॉक्टरांवर चालणाऱ्या केंद्रातून एकाला अर्धे वर्ष शहरात पाठवणे म्हणजे एका सेवेसाठी दुसरी बंद करणे. ज्याला हे परवडते तो खासगी दवाखान्यातला डॉक्टर असतो, आणि परत येऊन तो गर्भवतींची सोनोग्राफी करू लागतो, कारण उत्पन्न तेथे आहे. नियमाने प्राथमिक आरोग्याला जे द्यायला हवे होते ते बाजारपेठेच्या पदरात पडले.

आता याचा अर्थ कायदाच नको, असा काढणाऱ्यांची एक मोठी फळी आहे. तिचे म्हणणे साफ नाकारले पाहिजे. हा कायदा कुणा कारकुनाच्या संशयातून जन्मलेला नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, तो महिला संघटनांच्या झगड्यामुळे. तरीही महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. बीड जिल्ह्यात ८०७. हे काम अंगठेबहाद्दर भोंदूंनी केले नाही. पदवीधर डॉक्टरांनी, नोंदणीकृत यंत्रांवर, जेल लावून केले. ज्या व्यवसायाने हा विश्वास गमावला, त्याने ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ या एका वाक्यावर सूट मागू नये.

‘छातीसाठी आणि शिरांसाठी वापरायचा प्रोब वेगळाच असतो, त्याला मोकळीक द्या’ हा युक्तिवादही तपासून पाहावा. १० मेगाहर्ट्झच्या लहरीची तीव्रता ऊतींमध्ये ५ सेंटिमीटर जाऊन परत येईपर्यंत साधारण लाखाव्या हिश्श्यावर येते; म्हणून अशा प्रोबला खोलवरचे दिसत नाही. हे खरे आहे. परंतु सडपातळ स्त्रीचे वाढते गर्भाशय त्वचेपासून फार दूर नसते. शिवाय खिशातली कित्येक नवी यंत्रे एकाच प्रोबने उथळ आणि खोल दोन्ही पाहतात. भौतिकशास्त्र येथे अडथळा उभा करते, कुलूप लावत नाही. कुलूप नोंदींनीच लावावे लागते.

दुसरा आक्षेप क्ष-किरणतज्ज्ञांचा: अर्धवट शिकलेला डॉक्टर ‘काही नाही’ म्हणून रुग्णाला घरी पाठवेल. आक्षेप रास्त आहे, आणि त्यात व्यावसायिक मक्तेदारीचा वास येतो म्हणून तो खोटा ठरत नाही. पण त्याचे उत्तर बंदी नसून मर्यादा हे आहे. पलंगाशेजारची सोनोग्राफी हा अहवाल नसतो. तो हो-नाही स्वरूपाच्या मोजक्या प्रश्नांचा शोध असतो. हृदयावरणात पाणी आहे का? छातीत किंवा पोटात पाणी आहे का? फुप्फुस ओले आहे का? मूत्राशय तुंबले आहे का? मांडीतली शीर दाबल्यावर मिटते का? या पाच प्रश्नांत गर्भ नाही, गाठींचे वर्गीकरण नाही, मुतखड्याचे मापही नाही. ‘दिसले’ या उत्तरावर कृती करायची. ‘दिसले नाही’ या उत्तरावर आजार नाकारायचा नाही, नेहमीच्या तपासणीकडे परतायचे. हा एवढा नियम अंगी मुरला तरी निम्मे प्रशिक्षण झाले.

उरलेले निम्मे सरावाचे, आणि सराव मोजता येतो. अमेरिकेतील तातडीच्या वैद्यकाच्या तज्ज्ञ संघटनेने प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठी २५ ते ५० परीक्षित तपासण्यांचा दंडक ठेवला आहे. त्यातला ‘परीक्षित’ हा शब्द महत्त्वाचा: डॉक्टरने काढलेली प्रतिमा जाणत्या व्यक्तीने पुन्हा पाहिलेली असली पाहिजे. किमान दंडक धरला तर पाच प्रश्नांच्या १२५ तपासण्या होतात. रोज दोन केल्या तर ६३ दिवस. त्यासाठी सहा महिने घरदार सोडावे लागत नाही. आरंभीचे काही दिवस महाविद्यालयात आणि पुढचे काही महिने स्वतःच्याच केंद्रात, स्वतःच्याच रुग्णांवर. असे होऊ शकते याचा दाखला रवांडाने दिला. तेथील दोन ग्रामीण रुग्णालयांतील डॉक्टरांना नऊ आठवडे शिकवण्यात आले आणि प्रतिमांचे पुनर्वाचनही झाले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात ३४५ तपासण्यांपैकी ४३ टक्क्यांमुळे उपचाराची दिशा बदलली. त्यांतल्या पुष्कळ प्रसूतिशास्त्राच्या होत्या, म्हणून तो नमुना येथे जसाच्या तसा आणता येणार नाही. पण शिकवण्याची रीत आणता येईल. याउलट, सामान्य डॉक्टरांच्या सोनोग्राफीवरील अभ्यासांचा २०१९ मध्ये जो आढावा घेतला गेला, त्यात प्रशिक्षण कुठे २ तासांचे तर कुठे ३२० तासांचे आढळले. जगाचेही यावर एकमत नाही. म्हणून तीनशे हा आकडा पवित्र मानण्याचे कारण नाही आणि दोन तासांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र भिंतीवर लावण्याचेही नाही.

प्रतिमांचे हे पुनर्वाचन भारतात कसे व्हावे? याचे अर्धे उत्तर महाराष्ट्राने २०१० मध्येच शोधले होते, वेगळ्या हेतूने. कोल्हापूर जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेनुसार दर हजार मुलांमागे मुली ८३९ होत्या. तेथील जिल्हाधिकाऱ्यांनी सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचे उपकरण जोडायला लावले. प्रत्येक तपासणीचे चित्रण त्यात साठत असे. क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने विरोध केला, पण २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश उचलून धरला. त्या चित्रणाकडे सगळ्यांनी पुरावा म्हणूनच पाहिले: गुन्हा झालाच तर सापडावा म्हणून. तेच चित्रण एखाद्या शिक्षकापुढे ठेवले तर तो धडा होतो, हे कुणाच्या मनात आले नाही. कायद्याला हवी असलेली नोंद आणि शिक्षणाला हवी असलेली नोंद या एकाच वस्तूच्या दोन बाजू आहेत. जी प्रतिमा साठली, तिच्यावर वेळेचा शिक्का बसला आणि जी दुसऱ्या डोळ्यांनी पाहिली गेली, ती गैरवापरही रोखते आणि हातही सुधारते. रुग्णाचे नाव काढून टाकण्याची काळजी तेवढी घ्यावी लागेल.

ही कल्पना तंजावूरला नवी वाटू नये. सरफोजी भोसले दुसरे हे १७९८ ते १८३२ या काळात तंजावूरच्या गादीवर होते. त्यांच्या काळात डोळ्यांच्या रुग्णांवर उपचार झाले, त्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या आणि नोंदींसोबत त्या डोळ्यांची रंगीत चित्रे काढली गेली. ती कागदपत्रे आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. कॅमेरा नव्हता, म्हणून चित्रकार बसवला. रुग्ण निघून गेल्यावरही त्याचा डोळा दुसऱ्या कुणाला पाहता यावा, अशी ती सोय होती. दोनशे वर्षांनंतर त्याच शहराच्या जिल्ह्यात सेकंदाला वीस-तीस चित्रे काढणारे यंत्र असावे आणि केंद्रातल्या डॉक्टरने पाहिलेले चित्र तपासणी संपताच पुसले जावे, हे शोभणारे नाही.

म्हणून मागण्या थोड्या आणि मोजता येतील अशा असाव्यात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमापासून वेगळी, गर्भ पूर्णपणे वगळणारी, पाच प्रश्नांपुरती पात्रता नियमांत आणावी. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने हे पाच प्रश्न एमबीबीएसच्या आंतरवासितेतच शिकवावेत, म्हणजे पुढच्या पिढीला केंद्र सोडून जावे लागणार नाही. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने आपल्या जिल्ह्यातील केंद्रांच्या प्रतिमा आठवड्याच्या आत पुन्हा वाचून त्यावर शेरा पाठवावा. त्यासाठी अध्यापकांच्या कामाच्या तासांत जागा ठेवावी, उपकार म्हणून नव्हे. आणि रुग्ण पुढे पाठवला असेल तर त्याचे अंतिम निदान मूळ डॉक्टरला कळवले जावे. ही शेवटची मागणी सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. पेरावूरणीच्या डॉक्टरने ‘ओले फुप्फुस’ म्हटले आणि तंजावूरला न्यूमोनिया निघाला, हे त्याला कळले तरच पुढच्या रात्री त्याची नजर बदलेल.

कृत्रिम बुद्धिमत्ता हे सगळे करून देईल, असे आता सांगितले जाते. ती बी-रेषा मोजून देईलही. पण प्रोब कोठे ठेवायचा, कोणता प्रश्न विचारायचा आणि उत्तर मिळाल्यावर सलाईन सुरू ठेवायचे की थांबवायचे, हे ठरवणारा माणूस न शिकलेलाच राहिला, तर ती मोजणी कुणाच्या उपयोगाची?

यापुढे खिशात मावणाऱ्या सोनोग्राफीची बातमी आली, की विज्ञानाच्या विद्यार्थ्याने आणि वाचकाने तिला एक साधा प्रश्न विचारावा: या यंत्रावर झालेल्या किती तपासण्या दुसऱ्या जाणत्या डोळ्यांनी पुन्हा पाहिल्या? आकडा दिलेला नसेल, तर ती बातमी आरोग्याची नाही, खरेदीची आहे. त्या रात्री धाप लागून आलेल्या शेतकऱ्याला यंत्राची किंमत किती उतरली याच्याशी देणेघेणे नसते. समोरच्या डॉक्टरला पडद्यावरचे वाचता येते की नाही, एवढ्यावरच त्याचा जीव टांगलेला असतो.